आप्पासाहेबांची स्वच्छ रेघ

वैजनाथ मुखेडकरांनी बायकोला खुराड्यात बसवलं, ही बातमी चैतन्यकुंज सोसायटीत दूधवाल्याच्याही आधी घरोघर पोचली.

बातमी खोटी नव्हती, हाच तिचा दोष. खुराडं होतं. हेमावहिनी त्यात होत्या. त्यांच्या दोन्ही मनगटांना आणि दोन्ही घोट्यांना वायरी लावलेल्या होत्या, हेही खरं. पण या सगळ्यामागे विज्ञान आहे, एवढं एक वाक्य पुढे सांगायची तसदी कोणी घेतली नाही. आपल्याकडे विज्ञानाचं नेहमी असंच होतं.

झालं होतं असं, की वैजनाथ धायरीच्या पलीकडे एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. ते दिवसच तसे होते. देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि त्या दारांतून बाहेर पडायला पोरांना डिग्री हवी होती. त्यामुळे जिथे काल ज्वारी होती तिथे आज कॉलेज उभं राहत होतं. वैजनाथांच्या कॉलेजच्या जागी ज्वारीसुद्धा नव्हती, पोल्ट्री होती. संस्थापक उत्तरेश्वरभाऊंनी पक्ष्यांचा धंदा गुंडाळून शिक्षणाचा उघडला, त्याचं कारण ते मोकळेपणाने सांगत. "कोंबड्यांवर रोग येतो. पोरांचं तसं न्हाई."

या भाऊंनी वैजनाथांना बोलावून घेतलं. "मुखेडकर सर, कॉलेज तपासायला कमिटी येणार हाय. तुमच्या बायोमेडिकलच्या खोलीत टेबल हाय, फळा हाय, दारावर पाटी हाय. मशीन तेवढं न्हाई."

"मी तीनदा अर्ज दिलाय, भाऊ."

"अर्जावर मशीन मिळत असतं तर मी बी केला असता. तुम्हीच करा कायतरी. माणसाच्या अंगातलं कायतरी पडद्यावर हललं पायजे. कमिटी खूश झाली की तुमचं पर्मनंटचं बघतो."

पर्मनंट! वैजनाथ कॉलेजात रुजू झाल्यापासून टेंपररी होते. दर एप्रिलात त्यांची नोकरी संपायची आणि दर जूनमध्ये नव्याने लागायची. मधल्या सुट्टीत ते सासरी गेले, की सासरे पंगतीत मुद्दाम विचारत, "सध्या काय, मोकळेच का?" मेव्हणा कॉम्प्युटरवाला. तो अमेरिकेत होता आणि तिथून फोनवर हाच प्रश्न इंग्रजीत विचारायचा. वैजनाथांना काहीही चाललं असतं, पण तो 'मोकळेच का' आता ऐकवत नव्हता.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी हेमालासुद्धा सांगितली नव्हती. हृदयाचा सिग्नल व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढा असतो, आधी छोटा उंचवटा, मग उंच सुळका, मग पुन्हा टेकाड, हे त्यांनी वर्षानुवर्षं खडूने फळ्यावर इतकं सुरेख काढलं होतं की पोरं पुसू देत नसत. पण खऱ्या हृदयाची रेघ त्यांनी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. पोहण्याचे वर्ग घेणाऱ्याने पाण्यात पाय घातलेला नसावा, तसलंच हे. मनातून त्यांना त्याची फार लाज वाटे.

तर मशीन करायचं ठरलं. कॉलेजात वीज मन मानेल तशी यायची, म्हणून घरीच. संध्याकाळी हॉलमध्ये हेमाच्या गणिताच्या शिकवण्या असत, म्हणून सकाळी. इलेक्ट्रॉनिक्सच्या शाहिद सरांनी लॅबमधला जुना पडदा, म्हणजे ज्यावर हिरवी रेघ पळते तो ऑसिलोस्कोप, वैजनाथांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर घेऊन धायरीपासून आणून दिला. वर सांगितलं, "फुटला तर आपण दोघंही कायमचे टेंपररी."

अॅम्प्लिफायर जमला. तो बॅटरीवर चालायचा, म्हणजे माणसाला शॉकची भीती नको. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला टुक् करणारा छोटा स्पीकरही त्याला जोडला. अंगाला लावायच्या पट्ट्यांसाठी जर्मन सिल्व्हर लागत होतं. घरात जर्मन सिल्व्हरची एकच वस्तू होती, हेमाच्या आत्याने लग्नात दिलेलं तबक. त्या तबकाच्या चार पट्ट्या झाल्या. ते कसं झालं आणि त्यानंतर घरात किती शांतता पसरली, हे इथे सांगत नाही. पट्टीखाली लावायला मिठाची लुगदी केली. "मनगटाचं लोणचं घालताय का?" एवढं एकच वाक्य त्या आठवड्यात हेमा बोलली.

राहता राहिलं अर्थिंग. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण ते बिल्डरने शोभेसाठी ठेवलेलं होतं. आत वायरच नव्हती. तेव्हा वैजनाथांनी तेच केलं, जे अशा वेळी आपल्यातला कोणीही करतो. एक लांब वायर घेतली आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला करकचून गुंडाळली. त्या नळाला तसाही दुसरा उद्योग नव्हता. तो डायरेक्ट लाइनचा नळ, सकाळी पाणी यायचं त्या वेळी नुसता फुसफुसायचा. मुखेडकर तिसऱ्या मजल्यावर राहत. खाली पाणी, वर हवा. हेमा कळशी घेऊन खालून जिने चढायची. याबाबत तक्रार झाल्यावर चेअरमन आप्पासाहेब परचुरे यांनी बोर्डावर सूचना लावली होती: 'वरच्या मजल्यांस पाणी चढत नाही, हा गुरुत्वाकर्षणाचा दोष असून कार्यकारिणीचा नाही. कृपया तक्रार योग्य ठिकाणी करावी.'

पहिल्या सकाळी हेमाला खुर्चीत बसवलं, पट्ट्या बांधल्या, बटण दाबलं. पडद्यावर रेघ कसली, हिरवी गोधडी उमटली. जाड, थरथरती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"हे माझं हृदय?" हेमा म्हणाली.

"नाही गं. ही विजेची घरघर. आजूबाजूच्या मेन्सची. ती अंगात शिरते."

"मग काढा ना ती."

काढा ना! जगातले सगळे इंजिनिअर आयुष्यभर तेवढंच तर करत असतात.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या बिऱ्हाडाने सांगितलं, तांब्याचं कडं घाला. वरच्या गच्चीवर अँटेना फिरवायला आलेल्या गृहस्थांनी जाता जाता सांगितलं, वहिनींना पूर्वेकडे तोंड करून बसवा. मेव्हण्याने अमेरिकेतून सांगितलं, असली मशीन इथे रेडीमेड मिळतात. शाहिद सरांनी मात्र पुस्तकातला सल्ला दिला, माणसाभोवती धातूची जाळी उभी करा. जाळी कुठे मिळणार? उत्तरेश्वरभाऊंच्या गोदामात. पोल्ट्रीची. भाऊंनी उदार मनाने ती दिली, एकदोन पिसांसकट. अशा रीतीने खुराडं मुखेडकरांच्या हॉलमध्ये आलं आणि हेमा त्यात बसली. दार उघडं होतं आणि दूधवाला आला.

दुपारपर्यंत बोर्डावर सूचना होती: 'सदनिकेत कुक्कुटपालन करण्यास नियमानुसार मनाई आहे. पत्नीपालनाबाबत नियम मौन आहेत. तरी सभासदांनी तारतम्य बाळगावे. – अध्यक्ष.'

वैजनाथांनी ती जिन्यात उभं राहून दोनदा वाचली. कान लाल झाले. अहो, माणूस रात्रंदिवस खपून विज्ञान करतोय आणि त्याची अशी चौकात हजामत! पण चेअरमनशी भांडायची त्यांची छाती नव्हती. आप्पासाहेब म्हणजे खडकीच्या फॅक्टरीत इन्स्पेक्शनला आयुष्य घालवलेला माणूस. ते समोरच्याकडे असे बघत, की आपल्याला कुठेतरी तडा गेलाय असं वाटावं.

आणि जाळीनेही काही झालं नाही. गोधडी तशीच. "माणूस बदलून बघा," शाहिद सर म्हणाले. पण आता खुराड्यात बसायला येणार कोण?

आले ते स्वतः आप्पासाहेबच. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुक्कुटपालनाची प्रत्यक्ष पाहणी करायला. जाळीला बोटाने टिचकी मारून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"कार्डिओग्राम काढतोय."

"कार्डिओग्राम." आप्पासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे तो डॉक्टर काढतात तो? आणि तुम्ही काय घेता त्याचे?"

"काही नाही."

आप्पासाहेबांनी चपला काढल्या, आत शिरले आणि बाह्या सारून बसले. फुकटचा कार्डिओग्राम पुण्यात रोज चालून येत नाही.

वैजनाथांनी बटण दाबलं. आणि पडद्यावर गोधडी नव्हतीच! बारीक, लखलखीत हिरवी रेघ होती. छोटा उंचवटा, उंच सुळका, मग टेकाड. टुक्. पुन्हा उंचवटा, सुळका, टेकाड. टुक्. फळ्यावर शेकडो वेळा काढलेली ती रेघ आज कोणी न काढता आपली आपण निघत होती. वैजनाथांना भरून आलं. डोळे पुसावेत तर हाताला मीठ लागलेलं. ते तसेच उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण शिकवतो ते खरं आहे.

"अहो!" आतून हेमा ओरडली. "नळाला पाणी आलं!"

पण त्या क्षणी पाण्याचं कोणाला काय होतं.

आप्पासाहेब खाली गेल्यावर थोड्या वेळाने हेमाला बसवलं, तर पुन्हा गोधडी. नळ पुन्हा फुसफुस. वैजनाथ विचारात पडले. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांना मुद्दाम बोलावलं. रेघ स्वच्छ. तिसऱ्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना बसवलं. गोधडी. पुन्हा आप्पासाहेब. स्वच्छ! यंत्र तेच, पट्ट्या त्याच, मीठ तेच. फरक एकच, माणूस. शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्या माणसाला यातून निघणारा निष्कर्ष नाकारता येत नाही, आणि वैजनाथांनी तो काढला: आप्पासाहेबांच्या शरीरातच काहीतरी असामान्य आहे. बाहेरची घरघर ते आत येऊच देत नाहीत.

"मला माहीतच होतं," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "रोज सूर्यनमस्कार. तांबड्या भोपळ्याखेरीज भाजी नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, मुखेडकर, उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही. ते दिसणारच हो रेघेत."

बागेतल्या कट्ट्यावर त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि सोसायटीत त्यांचा भाव वधारला. 'शुद्ध हृदयाचे' म्हणून लोक त्यांना जिन्यात वाट देऊ लागले. हेमाचं मत तर फारच चांगलं झालं. "तुमचं विज्ञान राहू द्या. आप्पासाहेब वर आले की नळालाही पाणी येतं. पायगुण असतो एकेकाचा." ती त्यांच्यासाठी आलं घालून चहा करू लागली आणि ते बसलेले असताना पिंप भरून घेऊ लागली.

आप्पासाहेबांच्या पत्नी मालनबाई मात्र या शुद्धीवर खूश नव्हत्या. एकदा वैजनाथ आप्पासाहेबांना बोलवायला खाली गेले, तेव्हा त्या फणकाऱ्याने म्हणत होत्या, "तुम्ही वर जाऊन हृदय दाखवा. इकडचं कोण बघणार? मी नाही हो त्या बटणाला हात लावणार, मेल्या मुंग्या येतात."

कसलं बटण, हे विचारायचं वैजनाथांना सुचलं नाही. डोक्यात कमिटी होती ना!

कमिटीच्या दिवशी यंत्रासकट जाळी कॉलेजात गेली. भाऊंनी तिला चंदेरी रंग देववला आणि एका बाजूला राहिलेली अंड्यांच्या भावाची रंगवलेली पत्र्याची पाटी तेवढी काढायला लावली. आप्पासाहेब कोट घालून वैजनाथांच्या स्कूटरवर मागे बसून आले. त्यांना आणल्याशिवाय इलाजच नव्हता. ती एकच स्वच्छ रेघ वैजनाथांच्या पदरी होती आणि तिच्यावर त्यांचं सगळं पर्मनंटपण टांगलेलं होतं.

कमिटीत तिघं होते. दोघांनी फरसाणाच्या बशीकडे लक्ष दिलं. तिसऱ्या होत्या डॉक्टर सुनीती, बायोमेडिकलच्याच, पांढऱ्या केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी फरसाणाला हात लावला नाही, हे पाहून भाऊंचा चेहरा उतरला.

आप्पासाहेब जाळीत बसले. बटण दाबलं. उंचवटा, सुळका, टेकाड. टुक्. टुक्.

"छान आहे की!" सुनीती मॅडम म्हणाल्या. "पण जाळीची काय गरज होती?"

वैजनाथांनी अभिमानाने आपला शोध सांगितला. घरी प्रत्येकाची रेघ खराब येते, फक्त या गृहस्थांची स्वच्छ येते. हे शरीराचं वैशिष्ट्य असावं, असा त्यांचा कयास आहे.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "असं? बघू या. संस्थापकसाहेब, बसा तुम्ही."

भाऊ बसले. पट्ट्या लावल्या. रेघ स्वच्छ! आयुष्यभर कोंबड्या आणि पोरं पाळलेल्या माणसाची रेघ आप्पासाहेबांच्या तोडीस तोड निघाली. मग मॅडम स्वतः बसल्या. तीही स्वच्छ. वैजनाथांच्या पायाखालची फरशी सरकली. एवढ्या दिवसांचं संशोधन सगळ्यांदेखत पाण्यात गेलं होतं.

"पुन्हा बसवा तुमच्या गृहस्थांना," मॅडम म्हणाल्या. आप्पासाहेब जरा घुश्शातच बसले. टुक्. टुक्. "आता सांगा मुखेडकर, घरी अर्थिंग कुठून घेतलं होतंत?"

"स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाइपावरून."

"अरे देवा. इथे व्यवस्थित अर्थिंग आहे, म्हणून सगळे स्वच्छ. तिथे तुमच्या पाइपातच करंट उतरत असणार. काय हो, खालच्या मजल्यावर कोणी नळाला मोटर लावून पाणी खेचतं का?"

टुक्टुक्टुक्टुक्टुक्!

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. सुळके एकमेकांच्या पाठीवर चढत होते. आप्पासाहेबांचा चेहरा मात्र खडकीच्या इन्स्पेक्शनला शोभेल असा थंड होता. "छे! आमच्या सोसायटीत असले प्रकार नाहीत." टुक्टुक्टुक्टुक्टुक्टुक्!

आणि त्या आवाजात वैजनाथांना सगळं लख्ख दिसलं. आप्पासाहेब वर, तर मोटर बंद. मोटर बंद, तर रेघ स्वच्छ आणि नळाला पाणी. मालनबाईंच्या मुंग्या. हेमाची कळशी. गुरुत्वाकर्षण! चोर खुर्चीत अडकलेला असताना चोरी थांबायची, आणि त्याला ते इतके दिवस शुद्ध हृदय म्हणत होते. संताप असा आला, की तिथल्या तिथे त्या चंदेरी खुराड्याला कडी घालावी.

"रेट केवढा वाढला!" मॅडम पडद्याकडे वाकल्या. "तुम्ही काय केलंत?"

वैजनाथांच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. पण ते उच्चारलं असतं, तर त्या क्षणी सब्जेक्ट, म्हणजे आप्पासाहेब, वायरी तोडून चालता झाला असता, आणि त्याच्या पाठोपाठ पर्मनंटही. हेमाने कळशी घेऊन चढलेल्या तीन मजल्यांचा राग त्यांनी गिळला.

"मॅडम, सब्जेक्टला घरची आठवण आली असावी."

"हो, हो," आप्पासाहेब घाईने म्हणाले. "मंडळी एकटीच आहे घरी."

मॅडमनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. पुण्याच्याच होत्या त्या. "काही चालू ठेवून तर नाही ना आलात?" असं त्यांनी गोड आवाजात विचारलं, आणि टुक्टुक् इतकं वाढलं की फरसाण खाणारे दोघंही उठून बघायला आले. मग त्या हसल्या. "उपकरण उत्तम आहे. भावनिक ताणाला प्रतिसाद तर इतका सुंदर मी क्वचितच पाहिलाय. असेच प्रामाणिक सब्जेक्ट आणत जा."

भाऊंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मुखेडकर सर आजपास्नं पर्मनंट. मशीन बेस्ट हाय. माणूस तर लई बेस्ट आणलावता."

परतताना धायरी फाट्यावर सिग्नलला थांबल्यावर मागून आवाज आला. "मुखेडकर, ते यंत्र तुमचं, मनातलं ओळखतं का हो?"

"छे छे, आप्पासाहेब. मनातलं नाही. फक्त पाइपातलं."

सिग्नल सुटला.

"पण संशोधन अजून अपुरं आहे," वैजनाथ पुढे बघतच म्हणाले. पर्मनंट माणसाच्या आवाजात एक निराळाच जोर असतो आणि त्यांचा त्यांनाच तो ऐकू आला. "आपण रोज सकाळी वर यावं. पाणी यायच्या वेळेला. पाणी जाईपर्यंत. एखाद्या दिवशी आपण नसलात आणि रेघ बिघडली, तर ती का बिघडते हे मला सर्वसाधारण सभेत सविस्तर मांडावं लागेल. आकृती काढून."

आप्पासाहेबांनी विचारलं, "चहा असेल का?"

"आलं घालून."

तेव्हापासून आप्पासाहेब रोज सकाळी वर येतात, चपला काढतात आणि पट्ट्या बांधून घेतात. यंत्र संशोधनासाठी म्हणून घरी परत आलं; जाळी राहिली कॉलेजात, तिची आता गरजही नाही. पेपर वाचता येत नाही, कारण पान उलटलं की रेघ हलते. ते आपले समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसतात. आत हेमाच्या पिंपात पाण्याची धार पडायला लागली, की पडद्यावरचा एखादा सुळका हमखास चुकतो. वैजनाथ तेवढंच म्हणतात, "हलू नका, आप्पासाहेब."

सोसायटीच्या बोर्डावर नवी सूचना आहे: 'अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांमुळे तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढू लागले आहे. सभासदांनी नोंद घ्यावी.'

वैजनाथांनी ती वाचली आणि वर येऊन रागारागाने हेमाला सांगितली. हेमाला आता सगळं माहीत आहे. ती हंडा विसळत म्हणाली, "मग खोटं काय आहे त्यात? रोज एवढा वेळ बसतात बिचारे." आणि हॉलच्या दिशेने मान वळवून तिने हाक दिली, "पिंप भरलं हो! सोडा आता त्यांना."